अमालेक आता कुठे राहतो?

शौल राजाला देवाचा निरोप आला होता. अमालेकी लोकांवर चालून जा. पुरुष, बायका, तान्ही मुलं, गाईगुरं, मेंढरं, उंट, गाढवं, काही म्हणजे काही मागे ठेवू नकोस. बायबलमधल्या पहिल्या शमुवेलाच्या पंधराव्या अध्यायात ही कथा येते. तिथला शौल हुज्जत घालत नाही. जातो, मारतो, फक्त अगाग हा राजा आणि निवडक धष्टपुष्ट जनावरं राखून ठेवतो. तेवढ्यावरून देव त्याच्या हातून राज्य काढून घेतो आणि म्हातारा शमुवेल संदेष्टा स्वतःच्या हाताने अगागचे तुकडे करतो.

ही कथा लिहिली गेल्यानंतर कित्येक शतकांनी बाबिलोनच्या ज्यू पंडितांनी तालमूदमध्ये या मुक्या शौलाच्या तोंडी एक युक्तिवाद घातला. मोशेच्या नियमशास्त्रात अशी तरतूद आहे की रानात बेवारस प्रेत सापडलं आणि खुनी कळेना, तर जवळच्या गावाने कालवडीची मान मोडून त्या एका जिवाचं प्रायश्चित्त घ्यावं. शौल त्यावरून हिशेब मांडतो. एका जिवासाठी एवढं, तर इतक्या जिवांसाठी किती? बरं, माणसांनी पाप केलं असेल, जनावरांनी काय केलं? मोठ्यांनी केलं असेल, पोरांनी काय केलं? तेवढ्यात आकाशवाणी होते की फार पुण्यवान व्हायला जाऊ नकोस. पुढे हाच शौल दाविदाला मदत केल्याच्या संशयावरून नोब गावच्या याजकांची कत्तल करवतो. तेव्हा दुसरी आकाशवाणी येते, की फार दुष्टही होऊ नकोस.

देवाच्या आज्ञेने होणाऱ्या हिंसेवर दोन-अडीच हजार वर्षांत जे लिहिलं गेलं, त्यात मला हा छोटा उतारा सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. शौलाच्या प्रश्नांना उत्तर मिळत नाही, गप्प बस एवढंच सांगितलं जातं. आणि प्रश्न लिहून ठेवणारे कुणी पाखंडी नव्हते. तो ग्रंथ डोक्यावर घेऊन नाचणारीच ही माणसं. 'आमच्या ग्रंथावर बाहेरच्यांनी बोट ठेवलं' ही तक्रार आज सगळ्याच धर्मांत ऐकू येते. पण पहिलं बोट घरच्यांचंच होतं.

मूळ मजकूर काय आहे ते आधी पाहू. मराठी बायबलात पाचव्या पुस्तकाचं नाव 'अनुवाद' असं आहे. त्याच्या विसाव्या अध्यायात युद्धाचे नियम दिले आहेत. दूरच्या शहरांना आधी तहाची संधी द्यायची. मात्र कनान देशातल्या शहरांत श्वास घेणारं काहीही जिवंत ठेवायचं नाही. हित्ती, अमोरी, कनानी, परिज्जी, हिव्वी, यबूसी अशी कुळांची नावं दिली आहेत. सातव्या अध्यायातल्या यादीत गिर्गाशीही येतात, म्हणून 'सात राष्ट्रं' हा शब्द रूढ झाला. यहोशवाच्या पुस्तकात यरीहोचा कोट पडतो आणि राहाब नावाच्या वेश्येचं घर सोडून सगळं गाव मारलं जातं. या कृत्याला हिब्रूत 'हेरेम' म्हणतात. आपल्या बोलीतला 'हराम' अरबीतून आला, पण हेरेमचा आणि त्याचा सेमिटिक धातू एकच. देवाला सोडलेलं, म्हणून माणसाने हात लावायचा नाही असं. आपल्याकडे वळू देवाला सोडतात, इथे गावच्या गाव सोडायचं.

ही कल्पना एकट्या इस्राएलची नव्हती. १८६८ साली आजच्या जॉर्डनमधल्या धिबान गावी एक काळा शिलालेख सापडला, तो आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला मवाबचा राजा मेशा त्यात फुशारकी मारतो, की इस्राएलचं नबो हे गाव मी घेतलं आणि तिथल्या ७,००० जणांना माझ्या देवासाठी मारलं. क्रियापद तेच, हेरेमचं. म्हणजे शेजारचा देवही शेजारच्या राजाकडून हेच मागत होता, आणि या वेळी मरणारे इस्राएली होते.

यावर आजकालचं सगळ्यांत सोयीचं उत्तर असं, की हे घडलंच नाही. त्यात तथ्य बरंच आहे. १९३०च्या दशकात जॉन गार्स्टँग यांना यरीहोत यहोशवाने पाडलेला कोट सापडल्यासारखा वाटला. १९५२ ते १९५८ या काळात कॅथलीन केनियन यांनी तिथे पुन्हा खणलं, तर तो कोट हजारएक वर्षं जुना निघाला, आणि यहोशवाच्या मानल्या जाणाऱ्या काळात तिथे तटबंदीचं शहरच नव्हतं. आय नावाच्या गावाचीही तीच गत. हासोर मात्र इ.स.पूर्व तेराव्या शतकात खरोखर जळालं होतं; कुणी जाळलं यावर वाद आहे. खुद्द बायबलातही यहोशवाने सगळा देश निर्मनुष्य केल्याचं वर्णन संपतं न संपतं तोच 'शास्ते' पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात तेच कनानी जिथल्या तिथे नांदताना दिसतात. आता तर अभ्यासकांचा मोठा गट म्हणतो की इस्राएली हे बाहेरून आलेलेच नव्हेत, कनानच्याच डोंगराळ भागातले लोक. २०१७ साली लेबनॉनमधल्या सिदोन इथल्या ३,७०० वर्षांपूर्वीच्या हाडांतल्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आजच्या लेबनीज लोकांचा नव्वद टक्क्यांहून अधिक वारसा कनान्यांशी जोडलेला निघाला. ज्यांचा श्वासही ठेवायचा नव्हता ते बैरूतच्या रस्त्यावर भाजी घेत आहेत.

पॉल कोपन यांच्यासारखे आजचे ख्रिस्ती समर्थक याला दुसरी जोड देतात. 'सगळ्यांना मारलं' ही त्या काळची युद्धभाषा, अक्षरशः घ्यायची नाही. याला पुरावाही आहे. इजिप्तचा राजा मेर्नेप्ताह इ.स.पूर्व १२०८च्या सुमारास शिलालेखात लिहून गेला की इस्राएलचं बीजही उरलं नाही. इस्राएलचं नाव इतिहासात पहिल्यांदा दिसतं ते याच लेखात, स्वतःच्या मृत्युलेखात! तेव्हा अतिशयोक्ती होती हे कबूल. पण माझं समाधान होत नाही. कत्तल झाली नसेल तर मेलेल्यांचा प्रश्न सुटतो, आज्ञेचा सुटत नाही. न घडलेली कत्तल नंतर कुणीतरी बसून लिहिली, देवाच्या तोंडी घातली, आणि ती करायला हवी होती, कमी पडलो, असा सूर लावला. अनुवाद हे पुस्तक अनेक अभ्यासक योशीया राजाच्या काळाशी, म्हणजे इ.स.पूर्व सातव्या शतकाशी जोडतात. तोवर त्या सात कुळांशी लढायचं कारण कधीच संपलं होतं. म्हणजे हा इतिहास नसेल तर आदर्श आहे, आणि मला तो इतिहासाहून जास्त अस्वस्थ करतो.

तत्त्वज्ञांचा फड वेगळाच. त्यांनी कनानला बाजूला ठेवून प्रश्न वर उचलला: देवाने सांगितलं म्हणून चांगलं, की चांगलं म्हणून देवाने सांगितलं? प्लेटोच्या 'युथिफ्रो' संवादातला हा पेच. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने पहिल्या बाजूला झुकून सांगितलं की जीव देवाचाच, त्याने तो परत मागितला तर अन्याय कसला? इस्लाममध्ये मुतझिला पंथीयांनी दुसरी बाजू घेतली, अशअरींनी पहिली. १७९८ साली कांटने अब्राहामाच्या कथेवर टीप दिली. पोराचा बळी मागणाऱ्या आवाजाला अब्राहामाने सांगायला हवं होतं, की मुलाला मारू नये हे मला नक्की ठाऊक आहे, तू देव आहेस हे नक्की ठाऊक नाही. १८४३ साली किर्केगार्डने याच अब्राहामाला नीतीच्या पलीकडे उभं केलं आणि आपण त्याच्यापुढे थरथरतो हे कबूल केलं. विसाव्या शतकात रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी तोडगा काढला, की बंधन येतं ते प्रेमळ देवाच्या आज्ञेचं. क्रूर आज्ञा आली तर तिचं बंधनच नाही. तोडगा नीटस आहे. पण पोथीत लिहिलेली आज्ञा तशीच उरते. दरबारी गवयांची जुगलबंदी चालावी तसं हे सगळं चालतं; ऐकायला सुंदर, आणि बाहेर रस्त्यावर काय चाललंय त्याच्याशी फारसा संबंध नाही.

त्यातल्या एका युक्तिवादापाशी मात्र थांबायला हवं. अमेरिकेतले विल्यम लेन क्रेग म्हणतात की कनानी बाळांचं नुकसान झालं नाही, ती सरळ स्वर्गात गेली. हे वाचून मला आपले चार्वाक आठवले. यज्ञातला पशू स्वर्गाला जातो असं याज्ञिक म्हणत. चौदाव्या शतकातल्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त नोंदलेला चार्वाकाचा टोला असा, की मग यजमान स्वतःच्या बापालाच का बळी देत नाही? सातशे वर्षं होत आली, क्रेगसाहेबांना याहून वेगळं उत्तर द्यायची गरज मला दिसत नाही.

रस्त्यावर काय चालतं ते मोजायचा एक प्रयत्न इस्राएलमध्येच झाला. १९६०च्या दशकात जॉर्ज तामारिन या मानसशास्त्रज्ञाने आठ ते चौदा वयाच्या १,०६६ शाळकरी मुलांना यरीहोची हकीकत वाचायला दिली आणि विचारलं, यहोशवाने केलं ते बरोबर का? ६६ टक्के मुलं पूर्ण बरोबर म्हणाली, २६ टक्के पूर्ण चूक. दुसऱ्या १६८ मुलांना तीच हकीकत दिली, फक्त यहोशवाच्या जागी 'जनरल लिन' आणि इस्राएलच्या जागी तीन हजार वर्षांपूर्वीचं चिनी राज्य. आता बरोबर म्हणणारी ७ टक्के, चूक म्हणणारी ७५. नास्तिक मंडळी, विशेषतः रिचर्ड डॉकिन्स, हा प्रयोग धर्म नीती बिघडवतो याचा पुरावा म्हणून दाखवतात. मला त्यात दुसरंच दिसतं. त्या मुलांची नीती शाबूत होती, चिनी सेनापतीला त्यांनी बरोबर ओळखलं. बदललं होतं फक्त नाव.

आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची कळ तिथेच आहे. पंडित 'देव असं सांगेल का' यावर भांडतात. माणसं मरतात ती 'ज्याच्याविषयी सांगितलं तो आज कोण' या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरामुळे. त्या दृष्टीने जुन्या टीकाकारांकडे पाहिलं की कोण सौम्य आणि कोण कडवा याचा आपला अंदाजच उलटतो.

उदाहरणार्थ रूपकवादी. दुसऱ्या शतकात काळ्या समुद्राकाठचा मार्किओन म्हणाला, हा जुना देव आमचा नव्हेच, येशूचा पिता दुसरा. रोमच्या मंडळीने १४४ साली त्याला बाहेर काढलं, कारण जुना करार फेकून देणं परवडणारं नव्हतं. मग तो पचवायचा कसा? तिसऱ्या शतकात ओरिगेनने वाट काढली. ग्रीकमध्ये यहोशवा आणि येशू ही दोन्ही नावं एकच. तेव्हा लढणारा येशू, रणभूमी आपलं मन, आणि कनानी म्हणजे काम, क्रोध, लोभ. त्यांच्यातला एकही जिवंत ठेवू नका. ऐकायला किती शांत! वारकरी कीर्तनात षड्रिपूंचं निरूपण ऐकलेल्या माणसाला तर घरचंच वाटावं. ओरिगेनने स्वतः कुणाला टाचणी टोचली नाही. पण त्याने नकळत एक केलं. 'कनानी' हे नाव त्या एका देशातल्या त्या एका काळातल्या लोकांपासून सोडवलं. सुटलेलं नाव कुणावरही जाऊन बसतं.

ते बसलंही. २६ मे १६३७ रोजी आजच्या कनेक्टिकटमध्ये इंग्रज प्युरिटनांनी पीक्वॉट लोकांचं मिस्टिक नदीकाठचं कोटबंद गाव पेटवलं आणि बाहेर पळणाऱ्यांना टिपलं. शेकडो मेले, त्यात बायका-मुलं कितीतरी. कप्तान जॉन अंडरहिलने पुढल्याच वर्षी छापलेल्या हकिकतीत स्वतःच प्रश्न घातला की ख्रिस्ती माणसाने दया दाखवायला नको होती का, आणि उत्तराला दाविदाच्या लढायांकडे बोट दाखवलं. शास्त्रात कधी कधी आईबापांबरोबर पोरंही मरायची असतात. १६८९ साली बॉस्टनमध्ये कॉटन मेदरने लढाईवर निघालेल्या शिपायांपुढे प्रवचन केलं, त्यात मूळनिवासी हे अमालेक ठरले. मेदर अडाणी नव्हता, त्या वसाहतीतला सर्वांत विद्वान माणूस होता. त्याने वापरलेली युक्ती ओरिगेनचीच, पात्रं फक्त मनाबाहेर आणून उभी केली.

याउलट रब्बी, म्हणजे ज्यू धर्मपंडित. ते शब्दाला चिकटणारे, किचकट, कायद्याचा कीस काढणारे म्हणून बदनाम. पण त्यांनी कीस काढूनच कुलूप घातलं. मिश्ना या ज्यू कायद्याच्या जुन्या संग्रहात एक खटला आहे. यहूदा नावाचा अम्मोनी माणूस ज्यू व्हायला आला. अम्मोन्यांना मंडळीत घ्यायचं नाही असं नियमशास्त्र सांगतं. रब्बी यहोशवा म्हणाले, कसला अम्मोनी? अश्शूरचा राजा सन्हेरीब आला आणि त्याने सगळ्या राष्ट्रांची सरमिसळ करून टाकली, आता कोण कोणाचा हे कुणाला ठाऊक? यहूदाला घेतलं. हाच तर्क पुढे सात राष्ट्रांना लागला. बाराव्या शतकात मायमोनिदीसने आपल्या धर्मसंहितेत नोंदवलं की सात राष्ट्रांचा संहार करावा ही आज्ञा आजही आज्ञाच आहे, आणि त्यांची ओळखच पुसली गेली आहे. शिवाय तहाची बोलणी आधी केलीच पाहिजेत, अगदी अमालेकशीसुद्धा. (तहाच्या अटी मांडलिकत्वाच्या आहेत, त्याला गोड रंग द्यायला नको.) आज्ञेतली काना-मात्रा न बदलता तिचा पत्ताच नाहीसा करायचा! आपल्या धर्मशास्त्रकारांनी 'कलिवर्ज्य' म्हणून जी यादी केली ती याच जातीची. नियोग, गवालंभ वगैरे गोष्टी शास्त्रोक्त होत्या हे नाकारायचं नाही; फक्त कलियुगात नाही. पां. वा. काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात हे प्रकरण मुळातून वाचण्यासारखं आहे.

इस्लाममध्येही असं एक कुलूप आहे. कुराणाच्या अठराव्या सुरेत मूसाबरोबर चालणारा एक ज्ञानी पुरुष वाटेत एका मुलाला मारतो. परंपरा त्याला खिद्र म्हणते. मुलगा पुढे आईबापांना बंडखोरीने छळेल हे त्याला देवाने कळवलेलं असतं. सातव्या शतकात नज्दा नावाच्या खारिजी पुढाऱ्याने इब्न अब्बास यांना पत्राने विचारलं, शत्रूची मुलं मारावीत का? उत्तर 'सहीह मुस्लिम' या हदीससंग्रहात नोंदलेलं आहे. पैगंबरांनी मुलं मारली नाहीत, तूही मारू नकोस; खिद्रला त्या मुलाविषयी जे ठाऊक होतं ते तुला ठाऊक असेल तर गोष्ट वेगळी. कथा खरी, आज्ञा खरी, आणि वापरायची सोय शून्य. नवव्या सुरेतल्या तलवारीच्या आयतीबाबतही भांडण असंच. करार मोडणाऱ्या त्या अरबी टोळ्यांपुरती ती आहे असं मानणारे तिला तारीख-वार घालतात. तिने आधीच्या सामोपचाराच्या आयती रद्द केल्या असं मानणारे तीच तारीख पुसतात.

कुलपं कायमची नसतात, हेही सांगायला हवं. मायमोनिदीसने सात राष्ट्रांची ओळख पुसली गेल्याचं लिहिलं, अमालेकबद्दल तसं लिहिलं नाही. ती फट राहिली. ब्रिस्कच्या रब्बी हायिम सोलोव्हेचिक यांच्या नावे एक मत सांगितलं जातं, त्यांच्या नातवाने ते १९५६ साली मांडलं: ज्यूंचा समूळ नाश करायला निघालेलं कोणतंही राष्ट्र अमालेक. नाझींनंतर हे सुचणं किती स्वाभाविक होतं ते समजतं. पण नाव पुन्हा मोकळं झालं. एस्तेरच्या कथेत ज्यूंचा नाश करायला निघालेल्या हमानच्या पराभवाचा पुरीम हा सण. हमान हा अगागचा वंशज मानला जातो. (आपल्या कोकणातले बेने इस्राएल पुरीमला 'होळीचा सण' म्हणत, दोन्ही फाल्गुनाच्या आसपास येतात म्हणून असेल.) २५ फेब्रुवारी १९९४ ला, पुरीमच्याच सकाळी, बारूख गोल्डस्टीनने हेब्रोनच्या मशिदीत नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घातल्या. त्या सकाळी सभास्थानांत वाचला जाणारा उतारा अमालेकच्या लढाईचाच असतो. एलियट हॉरोविट्झ यांनी 'रेकलेस राइट्स' (२००६) या पुस्तकात या धाग्याचा शतकानुशतकांचा माग काढला आहे. २८ ऑक्टोबर २०२३ला इस्राएलच्या पंतप्रधानांनी गाझातल्या लढाईबद्दल बोलताना अमालेकने काय केलं ते आठवा, असं म्हटलं. डिसेंबरअखेर दक्षिण आफ्रिकेने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाखल केलेल्या अर्जात ते वाक्य आलं. इस्राएलचा खुलासा, की रोख हमासवर होता, हेच शब्द होलोकॉस्टच्या स्मारकांवरही आहेत. असेलही. पण 'अमालेक म्हणजे कोण' हा प्रश्न न्यायाधीशांच्या टेबलावर येऊन पडला, हे शौलालाही सुचलं नसतं.

आता आपल्या अंगणात. 'आमच्याकडे असं नाही' हे वाक्य मी अनेक व्याख्यानांत ऐकलंय, ते अर्धं खरं आहे. मीमांसकांकडे तर आज्ञा देणारा देवही नाही, वेदच अपौरुषेय. तरी पेच चुकला नाही. शत्रूला मारण्यासाठी वेदात श्येन नावाचा याग आहे. मग शत्रुवध हा धर्म झाला का? शबरस्वामींचं उत्तर चलाख आहे. मारायची इच्छा तुझी, वेद फक्त साधन सांगतो. मारण्याचं पाप तुझं. यज्ञातल्या पशूला मात्र त्यांनी ही सवलत दिली नाही, तिथे विधी आहे म्हणून दोष नाही. सांख्यांना तेही मान्य नव्हतं. माध्वांनी पुढे पिठाचा पशू करून वाद मिटवायचा प्रयत्न केला.

गीतेचा प्रश्न वेगळ्या घडणीचा. हेरेमची आज्ञा मरणाऱ्याचं नाव घेते. गीता मारणाऱ्याचं घेते. तू क्षत्रिय आहेस, समोर सशस्त्र सैन्य आहे, लढ. बायका-मुलांचा संहार तिच्यात नाही, आणि रात्री झोपलेल्यांना मारणाऱ्या अश्वत्थाम्याला, अंगात साक्षात शंकर शिरलेला असूनही, महाभारत माफ करत नाही. म्हणजे गीतेचं कुलूप असेल तर ते 'तू कोण' यावर. वर्णाचं कुलूप, डोळ्यांना खुपणारं, पण कुलूप. टिळकांनी ते काढलं. 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात लिहून १९१५ साली बाहेर आलं, आणि कर्मयोग क्षत्रियापुरता न राहता प्रत्येक कर्त्या माणसाचा झाला. त्याच्या आधीच, जून १८९७मध्ये, पुण्याच्या शिवोत्सवात अफझलखानाच्या वधाचं समर्थन करताना त्यांनी गीतेचा दाखला दिला होता: फळाची आशा न धरता केलेल्या कर्माचा दोष लागत नाही, मग समोर गुरू वा आप्त असला तरी. १५ जूनच्या 'केसरी'त ते छापून आलं, २२ जूनच्या रात्री प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाली. टिळकांचा त्या कटाशी संबंध कुणी सिद्ध केला नाही. राजद्रोहाबद्दल १८ महिन्यांची शिक्षा मात्र त्यांना झाली.

गांधींनी ओरिगेनची वाट धरली. कुरुक्षेत्र हृदयात, कौरव म्हणजे विकार. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दिलेली आणि साने गुरुजींनी टिपून घेतलेली प्रवचनं त्याच धारेतली. गांधींनी रूपक जगून दाखवलं, त्यामुळे त्यांच्या हयातीत ते धोक्याचं वाटलं नाही. पण कुलूप त्यालाही नव्हतं. १५ नोव्हेंबर १९४९ला अंबाल्याच्या तुरुंगात गांधींचा मारेकरी फासावर गेला तेव्हा त्याच्या हातात गीताच होती. आंबेडकरांना या दोन्ही वाटा पटल्या नाहीत. त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेल्या निबंधात ते म्हणतात की आत्मा मरत नाही या मुद्द्यावर खुनाच्या आरोपीचा बचाव करणाऱ्या वकिलाची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होईल. बॅरिस्टराला सुचावी अशीच ही उपमा, आणि गंमत सोडली तर अक्वायनसलाही ती तितकीच लागू पडते.

मात्र हेरेमची खरी जोड गीतेत नाही, आदिपर्वातल्या खांडववनात आहे. अग्नीला भूक लागली, त्याने वन मागितलं. कृष्ण आणि अर्जुन दोन बाजूंनी उभे राहिले आणि बाहेर पडणारा प्रत्येक जीव त्यांनी परत आगीत लोटला. इरावती कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये या दहनाकडे डोळे उघडून पाहिलं आणि जमिनीसाठी रानातल्या लोकांचा केलेला संहार त्यात ओळखला. मराठीत या विषयावर याहून धीट पानं मी वाचलेली नाहीत. महाभारत इथे जे करतं ते यहोशवाचं पुस्तक करत नाही. ते वाचलेल्यांचा हिशेब ठेवतं. तक्षकाचा मुलगा अश्वसेन निसटतो आणि कर्णाच्या बाणावर बसून अर्जुनाकडे येतो. तक्षक त्या दिवशी घरी नसतो, तो पुढे अर्जुनाच्या नातवाला चावतो. नातवाचा मुलगा जनमेजय सगळे सर्प जाळायला सत्र मांडतो, आणि आस्तिक नावाचा पोर, आई नागांची आणि बाप ब्राह्मण, ते थांबवतो. सबंध महाभारत सांगितलं जातं ते या अर्धवट राहिलेल्या संहाराच्या मांडवात.

मरणाऱ्याच्या बाजूने पोथी वाचणं ही अलीकडे शोधलेली गोष्ट मानतात. मायकेल वॉल्झर यांनी १९८५ साली निर्गमाच्या कथेला क्रांतीचा आद्य नमुना म्हटलं, तेव्हा एडवर्ड सईद यांनी 'कनान्याचं वाचन' मांडून विचारलं, तिथे आधीच राहत होते त्यांचं काय? १९८९मध्ये ओसेज जमातीच्या रॉबर्ट अ‍ॅलन वॉरियर यांनी लिहिलं की आम्ही ती कथा वाचतो तेव्हा आम्हाला आम्ही कनानीच दिसतो. दोन्ही लेख महत्त्वाचे. पण १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त हेच केलं होतं. वामन, नरसिंह, परशुराम या अवतारकथा त्यांनी बळीच्या, हिरण्यकश्यपूच्या, एकवीस वेळा कापल्या गेलेल्यांच्या अंगणात बसून वाचल्या, आणि चिरंजीव परशुरामाला हजर होण्याची जाहीर नोटीसच काढली. इतिहास म्हणून त्यांची आर्यस्वारीची मांडणी आज जशीच्या तशी टिकत नाही. वाचायची जागा मात्र टिकते, कारण ती त्यांनी दिवाळीत बळीचं राज्य येवो म्हणून ओवाळणाऱ्या बायकांकडून घेतली होती. 'गुलामगिरी' त्यांनी अर्पण केली अमेरिकेतल्या लोकांना, गुलामांना मुक्त केलं म्हणून. मिस्टिकच्या काठी काय झालं होतं ते त्यांच्या कानावर आलं असतं तर नोटीस आणखी एका पत्त्यावर गेली असती.

आणि पत्त्यांचाच विषय निघालाय तर तालमूदमधली आणखी एक नोंद. तिच्यात म्हटलंय की हमानचे, म्हणजे अमालेकचे, वंशज बने ब्राक या गावी तोरा शिकवत बसले होते. त्याच नावाचं बने ब्राक आज तेल अवीवला लागून आहे, काळे कोट घातलेल्या विद्यार्थ्यांनी गजबजलेलं. पुरीमच्या आधीच्या शनिवारी तिथल्या प्रत्येक सभास्थानात सगळे उभे राहून तो उतारा कान देऊन ऐकतात, अमालेकची आठवण पुसून टाका हे विसरू नका, असं सांगणारा.